‘तोंड आलंय’ म्हणायला काय हरकत आहे?

मॅडम, आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे, तालुक्याच्या गावी कॉलेज. दहावीपर्यंत गावातल्याच शाळेत होता, कबड्डीच्या संघात होता. तसा शांत, लाजरा. कॉलेज सुरू झालं तेव्हा रोज म्हणायचा, तिथं कुणीच ओळखीचं नाही. मग चार मित्र झाले. मला बरं वाटलं. पोरं घरी येतात, काकी काकी करतात, जेवून जातात. दिवाळीनंतर धुण्याला टाकलेल्या पँटच्या खिशात माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी सापडली. विचारलं तर म्हणाला, “माझी न्हाई, मित्राची हाय, ठेवायला दिलती.” ह्यांनी कानफटात दिली, मोबाईल काढून घेतला. मी त्याला माझी शपथ घ्यायला लावली, त्यानं घेतली. थोड्या दिवसांनी शर्टाला पुन्हा तोच वास. आता तो घरात बोलतच नाही. हे म्हणतात, पुण्याला भावाकडे पाठवू, इथली संगतच तोडू. खरं सांगते, हे स्वतः दिवसभर तंबाखू मळतात. पोरगा आधी एसटीनं जायचा, आता ह्यांची मोटरसायकल नेतो, कारण सगळ्यांची पोरं गाडीवर जातात. त्या पोरांपासून त्याला कसं सोडवू?
— एक आई

ताई,

त्याला सोडवायचं आहे ते माव्यापासून. पोरांपासून सोडवायला निघालात तर तो तुमच्या हातून जाईल आणि मावा त्याच्याजवळच राहील. म्हणून पुण्याचा बेत आधी रद्द करा. तुमच्याच पत्रात कारण लिहिलंय. अकरावीला तो अनोळखी ठिकाणी एकटा पडला आणि ज्यांनी आधी जवळ केलं त्यांचा झाला. पुण्यात तो पुन्हा एकटा, पुन्हा नवा. तिथंही टपऱ्या आहेत, आणि तिथल्या पोरांना तुम्ही कधी जेवायला वाढलेलं नसेल. इथली चौघं निदान तुमच्या ओसरीवर येतात, तुम्हाला काकी म्हणतात. ही फार मोठी जमेची बाजू आहे, ती घालवू नका.

आता ती पुडी. तुम्ही धरून चालला आहात की तो धडधडीत खोटं बोलला. मला ते अर्धं खरं वाटतं. कट्ट्यावर जो नवा असतो, लाजरा असतो, त्याच्याकडे अशीच कामं येतात. पुडी तू ठेव, टपरीवरून तू आण, पेट्रोलचे तू दे, सर आले तर तू सांग. त्याला यात आपला अपमान वाटत नाही, उलट आपल्यावर विश्वास टाकला असं वाटतं. आज ठेवतो, उद्या मळून देतो, परवा चिमूटभर तोंडात टाकतो. या सगळ्यात त्याला कुणी एकदाही “खा” म्हणालेलं नसतं. म्हणूनच तुम्ही “कुणी जबरदस्ती केली?” असं विचारलंत तर तो प्रामाणिकपणे सांगेल, कुणीच नाही.

मोठ्यांना दबाव म्हटलं की कुणीतरी गचांडी धरून बाटली तोंडाला लावतोय असं चित्र दिसतं. कॉलेजातलं रॅगिंग तसं असतं, त्याच्याविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे, तक्रारीला जागा आहे. कट्ट्यावरच्या दबावाची तक्रार कुणाविरुद्ध करायची? पुडी फिरत फिरत त्याच्यापर्यंत येते. सगळे गप्पा मारतायत, कुणी त्याच्याकडे बघतही नाही असं वाटतं, पण त्याला मात्र आपल्यावर सगळ्यांची नजर आहे असं वाटत असतं. घेतली तर गप्पा तशाच पुढे जातात. नाही घेतली तर क्षणभर सगळं थांबतं. “काय रं, बामन झालास व्हय?” “मम्मीला इचारून ये जा.” “एवढ्यानं काय मरतोय व्हय, लेका!” हशा होतो. तो क्षण टाळायला सोळा वर्षांचं पोरगं काय वाट्टेल ते करतं. तुम्ही-आम्ही वेगळे आहोत असं समजू नका. भावकीत नाव राहावं म्हणून कर्ज काढून लग्नं करणारी माणसं आपल्याच गावात आहेत, आणि ‘सगळ्यांची पोरं गाडीवर जातात’ हे वाक्य तुमच्याच पत्रात आहे. गाडीकडे नंतर येते.

तुमची शपथ त्यानं मोडली याचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, हे कळतं. पण ती त्यानं मनापासूनच घेतली असणार. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना त्यांनी संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की दामटायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काहींना एकट्याला बसवलं, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे सोबती उभे केले. चोविशीच्या पुढच्या माणसांना सोबत्यांनी फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाची मुलं मात्र सोबती बघतायत म्हटल्यावर कितीतरी जास्त धोका पत्करायला लागली. धोका त्यांना कळत नव्हता असं नाही, एकट्यानं खेळणारी त्यांच्याच वयाची मुलं बरीच सांभाळून खेळत होती. तुमच्या मुलाचं तेच चाललंय. स्वयंपाकघरात तुमच्यासमोर शपथ घेणारा मुलगा आणि कट्ट्यावरचा मुलगा एकच आहे, फक्त बघणारे बदललेत.

आईची शपथ यात उलटी पडते. मोडली की आपण आईला मारलं या भावनेनं तो तुमच्या डोळ्याला डोळा देत नाही, आणि पुढची गोष्ट आणखी खोल लपवतो. घरातला त्याचा अबोला मला रागाचा वाटत नाही, लाजेचा वाटतो. तेव्हा पहिलं काम हे: ती शपथ तुम्ही स्वतःहून परत घ्या. “मी तुला शपथ घालायला नको होती. ती सुटली म्हणून समज.” एवढंच बोला आणि त्या दिवशी विषय वाढवू नका. मोबाईलही परत द्या, तो काढून घेतल्यानं माव्याचं काही बिघडलेलं नाही.

मग बोलायचं कधी? समोर बसवून तर मुळीच नाही. या वयाची मुलं समोरासमोर मिटतात आणि शेजारी काम करताना बोलतात. धार काढताना, वैरण कापताना, शेतावर जाताना वाटेत. आणि ‘तुझी संगत वाईट’ इथून सुरुवात केलीत तर तो मित्रांचा वकील होऊन उभा राहील, मावा राहील बाजूला. त्यापेक्षा त्याला विचारा की तुमच्यात पुडी पहिल्यांदा कोण काढतं, पैसे कोण देतं, कुणी नाही म्हटलं तर काय होतं. उत्तर आलं तर ऐकून घ्या, मध्ये उपदेश घालू नका. तो सांगता सांगता स्वतःच बघायला लागेल, आणि ओळखायला शिकणं ते हेच. जे काम एकटा असताना आपण केलं नसतं, जे उरकल्यावर घरी येताना तोंड धुवावं लागतं, जे नाकारलं तर मैत्रीच जाईल अशी भीती वाटते, तिथं काहीतरी चुकतंय हे त्याला त्याच्याच शब्दांत कळू द्या. थट्टा करणारे मित्र आणि नाही म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी बाजूला टाकणारे मित्र यांतला फरकही त्यानंच शोधावा. तुमच्या ओसरीवर जेवणारी ती पोरं मला तरी पहिल्या जातीतली वाटतात.

इथं एक गोष्ट फार कामाची आहे. त्या चौघांतल्या सगळ्यांनाच मावा आवडतो, असं तुमच्या मुलाला वाटत असणार. त्या प्रत्येकालाही बाकीच्यांबद्दल तसंच वाटत असण्याची दाट शक्यता आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दारूबद्दल विचारलं, तर बहुतेकांना स्वतःला ती जितकी पटत होती त्यापेक्षा इतरांना जास्त पटते असं वाटत होतं. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून मान डोलावतोय. त्याच्याही चाळीस वर्षं आधी सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या तरुणांवर एक साधा प्रयोग केला होता. कागदावरच्या रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर उघड दिसत होतं. पण खोलीतले बाकीचे सगळे आतून सामील होते आणि मुद्दाम चुकीचं सांगत होते. चारातल्या तीन तरुणांनी निदान एकदा तरी डोळ्यांनी दिसत असलेलं सोडून सगळ्यांच्या मागून चुकीचं उत्तर दिलं. मात्र त्या घोळक्यात एक जण जरी खरं बोलणारा असला, की हे प्रमाण एकदम खाली यायचं. एकच पुरे.

तो एक जण तुम्हाला शोधायचा आहे. पोरं जेवायला येतात तेव्हा लक्ष ठेवा. कोण लवकर घरी जायची घाई करतो, कोण पोलीस भरतीची तयारी करतो, कुणाला पहाटे पळायला जायचं असतं, कोण इतरांपेक्षा तुमच्या मुलाशी जास्त बोलतो. मुलाला एवढंच सुचवा की कट्ट्यावर त्याच्या शेजारी बस. दोघांनी मिळून कुणाला सुधारायचं नाहीये, फक्त पुडी पुढे सरकवताना शेजारी दुसरा एक हात असावा.

आता ‘नाही म्हणायचं’ कसं. शाळेत फळ्यावर लिहितात तसं ठामपणे, ताठ मानेनं नाही म्हणा, हा सल्ला मी देणार नाही. लाजऱ्या मुलाला तो झेपत नाही आणि नाही म्हटल्यावर पुढे काय, हे त्यात कुणी सांगत नाही. त्याला उद्या त्याच पोरांत, त्याच बाकावर बसायचं आहे. त्यामुळे नकार असा हवा की गप्पा थांबणार नाहीत. “तोंड आलंय, भावा.” मावा खाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड कधी ना कधी आलेलं असतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. “घरी वास येतोय, बाप हाणतोय.” यात बाप खलनायक होतो, होऊ द्या, बापाला त्यानं काही होत नाही. “मला चहाच सांग.” खिशात शेंगदाणे, फुटाणे ठेवायचे आणि पुडी फिरायला लागली की ते फिरवायचे. हातात आणि तोंडात काहीतरी असलं की अर्धी अडचण मिटते. आणि पुडी ठेवायला दिली तर, “आमची आई खिसे तपासती.” ते तर खरंच आहे!

हे खोटं बोलायला शिकवणं झालं, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या. आज कारण सांगून टाळेल, दोन-चार महिन्यांनी कारण न देताही टाळेल आणि पोरांनाही सवय होईल की हा खात नाही. प्रत्येक कट्ट्यावर असा एखादा न खाणारा असतोच आणि त्याला कुणी हाकलत नाही. ही वाक्यं मात्र घरी मोठ्यानं म्हणून बघायला लावा. मित्र तुम्ही व्हा, खुशाल चिडवा. दोघं हसलात तरी चालेल, आयत्या वेळी तोंडातून तेच बाहेर येईल.

आणखी एक सोय करून ठेवा. कुठं अडकला, निघावंसं वाटतंय पण निघता येत नाही, तर त्यानं तुम्हाला मिस्ड कॉल द्यायचा. तुम्ही लगेच उलट फोन करून चारचौघांना ऐकू जाईल असं ओरडायचं: “दळण राहिलंय, गिरणी बंद व्हायच्या आत ये!” तो शिव्या घालत उठेल आणि सुटेल. अट एकच, त्या रात्री कुठं होतास, काय चाललं होतं, असलं काहीही विचारायचं नाही. एकदा जरी विचारलंत तरी पुन्हा मिस्ड कॉल येणार नाही.

संध्याकाळ रिकामी राहिली तर यातलं काहीच टिकत नाही. तो कबड्डी खेळायचा असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे त्याचा उल्लेखच नाही. गावातल्या संघात, तालमीत त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, तिथं तो आधीपासूनच कुणीतरी होता. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तिथं जायला लागला तर कॉलेजचा कट्टा त्याचं सगळं जग राहणार नाही. चांगल्यासाठीही मित्रांची भीड उपयोगी पडते. एकटा पहाटे उठत नाही, पण चौकात चौघं थांबलेत म्हटल्यावर उठतो.

आता यजमानांबद्दल. तुम्ही भीत भीत एका ओळीत लिहिलंय, पण पत्रातला तोच सगळ्यात अवघड भाग आहे. तळहातावर तंबाखू मळत मळत ‘खाऊ नको’ म्हणणाऱ्या बापाचं कोणतं पोरगं ऐकेल? कानफटात मारल्यावर तर त्यानं एवढंच शिकून घेतलं की मोठं झालं की चालतं. त्यांनी सोडली तर उत्तमच. पण लगेच जमणार नसेल तरी एक गोष्ट आजही करता येईल. त्यांनी मुलाजवळ बसून सांगावं की मला पहिल्यांदा कुणी दिली, मी का घेतली, आणि आता सुटत का नाही. बापाला आपल्या वयात कुणी ‘मम्मीला इचारून ये’ म्हटलं होतं, हे ऐकण्यासारखा धडा दुसरा नाही. त्यांच्यासारख्या माणसाला हे बोलणं जड जाईल. तुम्ही त्या वेळी तिथं नसलात तर कदाचित जमेल.

सोडायचं दोघांनी मिळून ठरवलं तर तंबाखू सोडण्यासाठीची केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, १८००-११-२३५६. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. म्हणून अकरावीच्या परीक्षेच्या तोंडावर हा मुहूर्त काढू नका. मुलगा नुसता गप्प न राहता खाणंपिणं सोडू लागला, घरातले पैसे जायला लागले, कॉलेज बुडवून दिवसदिवस गायब राहू लागला किंवा माव्याच्या पलीकडचं काही हाती लागलं, तर मात्र घरच्या घरी उपाय करत बसू नका. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा, क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

गाडी बंद करा. इथं मला मध्यममार्ग दिसत नाही. गिअरच्या मोटरसायकलला अठरा वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ट्रिपल सीट, मागं दोन मित्र आणि त्यातला एक ‘ताण, ताण’ म्हणतोय, यात तो गार्डनर-स्टाइनबर्गचा पिवळा दिवा खरा झालेला असतो. एसटीचा आणखी एक फायदा म्हणजे शेवटची गाडी चुकेल हे कट्ट्यावरून उठायचं फुकटचं कारण आहे. गाडी काढून घेताना माव्याची शिक्षा म्हणून घेऊ नका. “लायसन मिळालं की तुझीच आहे” असं सांगा आणि पोलिसांचं नाव पुढे करा.

टपरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण यजमान तिथं जाऊन भांडतील अशी मला भीती वाटते. त्यांना थांबवा. आख्ख्या कॉलेजात पोराचं नाव होईल आणि मग त्याला कुणीच जवळ करणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीलाच बंदी आहे. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याचं बळ भरपूर आहे, ते चार-पाच पालकांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी अर्ज देऊन वापरा, कुठल्याही मुलाचं नाव न घेता.

राहिला तब्येतीचा प्रश्न. माव्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारी असते, आणि पोरं म्हणतात, तंबाखू थोडीच असते, सुपारीच जास्त. सुपारी काही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. त्याच्या कितीतरी आधी गालाची आतली कातडी ताठ होऊ लागते. नेहमीची आमटी तिखट लागायला लागते, तोंड पोळतं, मग हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे त्याला सहज करून बघायला सांगा. गालाचा हा ताठरपणा एकदा आला की सहसा पूर्ण जात नाही. थोड्या महिन्यांच्या खाण्यात बहुतेक काही झालेलं नसेल, पण दातांच्या डॉक्टरांनी एकदा बघितलेलं बरं. त्यांना आधी एकटं भेटून सांगा की रागावू नका, नुसतं काय दिसतंय ते त्याला आरशात दाखवा. आणि त्याच फेरीत यजमानांनाही खुर्चीत बसवा, कारण खरं पाहता आधी त्यांचं तोंड तपासायला हवं.